मुलीचे वय आणि परक्याचा पैसा



महाराष्ट्रात एका विशिष्ट दिवशी फार मोठ्या संख्येने माणसे जन्मास आलेली आहेत. तो दिवस म्हणजे १ जून. कोणत्याही जुन्या सरकारी कचेरीतील सेवापुस्तके चाळून पाहावीत. कारकून, शिपाई, शिक्षक, क्वचित् खुद्द साहेबही १ जूनचेच निघतात, आणि ३१ मे रोजी निरोपसमारंभांना हारतुरे पुरत नाहीत. याचे कारण आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मुलाला शाळेत घालावयास बाप घेऊन येई. गुरुजी विचारीत, "जन्म केव्हाचा?" बाप सांगे, "दुष्काळाच्या आदल्या साली, पेरणीच्या सुमारास." मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. कान हाती लागला की मूल सहा वर्षांचे झाले असे समजावयाचे आणि नोंदवहीत १ जून लिहून मोकळे व्हावयाचे. या पद्धतीने कोणाचे फारसे नुकसान झाले नाही, असे मी बरीच वर्षे समजत होतो. मुलग्यांच्या बाबतीत ते बहुधा खरेही असेल.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी कामावर होतो. उन्हाळ्याचे दिवस, लग्नसराई ऐन भरात. एका गावी अल्पवयीन मुलीचे लग्न व्हावयाचे आहे असा निनावी निरोप आला आणि ग्रामसेवकास बरोबर घेऊन मी तेथे गेलो. अंगणात मांडव पडला होता. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मुलीस सोळा वर्षे पुरी होत होती. जन्मतारीख अर्थातच १ जून. बाप म्हणाला, "साहेब, ती तारीख मास्तरची. माझी पोर अठरा सरून गेलेली आहे." मी ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही मागविली. त्या गृहस्थाच्या नावावर दोन वर्षांच्या अंतराने दोन नोंदी सापडल्या. दोन्ही नोंदींत लिंगाच्या रकान्यात 'स्त्री' आणि नावाच्या रकान्यात काहीच नाही. त्याला दोन मुली झाल्या होत्या आणि त्यांतील एक लहानपणीच वारली होती. तिच्या मृत्यूची नोंद कोणी केलेली नव्हती. बाप सांगत होता, "गेली ती धाकटी, साहेब. ही थोरली हाय."

म्हणजे नोंद होती, तारीख होती, शिक्काही होता. परंतु मांडवाच्या कडेला उभी असलेली ती मुलगी त्या दोन ओळींपैकी कोणती, हे सांगणारे एकही अक्षर त्या वहीत नव्हते. शाळेचा दाखला प्रमाण मानून आम्ही लग्न थांबविले. कायद्याने तसेच करणे प्राप्त होते. पण बाप खोटे बोलत होता हे मला त्या दिवशी सिद्ध करता आले नाही, आणि आजही येणार नाही.

पुढे काही वर्षे दिल्लीत असताना परकीय साहाय्याच्या कागदपत्रांशी माझा संबंध आला. विकसनशील देशांत जन्मनोंदणी वाढावी, मुलींचे हक्क जपले जावेत यांसाठी श्रीमंत राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय संस्था पैसा देतात, त्याविषयीचे ते अहवाल. गुळगुळीत कागदावर हसऱ्या मुलींची चित्रे असलेले ते अहवाल वाचताना मला ती दोन निनावी ओळींची वही आठवत असे. हा पैसा नेमके काय विकत घेऊ शकतो आणि काय घेऊ शकत नाही, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

प्रश्नाचा आवाका प्रथम सांगतो. प्रत्येक मुलाची जन्मल्यानंतर तत्काळ नोंद व्हावी आणि त्यास नाव मिळावे, असे १९८९ च्या बालहक्क संहितेचे सातवे कलम सांगते. असे असूनही जगात पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी बालकांची कोठेही नोंद नाही, असे युनिसेफने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत तर जेमतेम निम्म्या बालकांची नोंद होते. आपल्याकडील स्थिती त्या मानाने पुष्कळ बरी; २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण शेकडा ८९ आढळले. आता एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नोंद न होण्यात मुलगा आणि मुलगी असा भेद एकंदर जगात फारसा आढळत नाही. भेद पडतो तो पुढे. नोंद नसलेल्या मुलग्याची अडचण नोकरीच्या वा पारपत्राच्या वेळी होते. नोंद नसलेल्या मुलीचे वय मात्र तिच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी इतर माणसे आपल्या सोयीने ठरवितात.

ही गोष्ट नवी नाही. कलकत्त्यास १८९० साली एक खटला चालला. फुलमणी नावाची एक बालिका तिच्या प्रौढ पतीच्या अत्याचाराने मरण पावली होती. त्या वेळच्या दंडसंहितेप्रमाणे पत्नीचे वय दहा वर्षांहून कमी असेल तरच पतीचे कृत्य बलात्कार ठरे. तेव्हा सारा भार येऊन पडला तो एकाच प्रश्नावर, मेलेल्या मुलीचे वय काय? तिच्या आईला न्यायालयात उभे राहून ते सांगावे लागले. वय दहाच्या वर, अकराच्या आसपास ठरले. बलात्काराचा आरोप टिकला नाही आणि पतीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढल्याच वर्षी संमतिवयाचा कायदा होऊन दहाचे बारा झाले. त्या वेळी पुण्यात केवढे रण माजले होते, टिळकपक्ष आणि आगरकरपक्ष कसे एकमेकांवर तुटून पडले होते, हे मराठी श्रोत्यांना सांगावयास नको. वयाचा आकडा कायद्यात बसला. तो आकडा सिद्ध करणारा कागद मात्र खेड्यापाड्यांत नव्हता.

या खटल्याची हकीकत प्रथम वाचली तेव्हा मी थोडा खजील झालो. त्या लग्नाच्या दिवशी मी बापाला विचारले होते, मास्तरांना विचारले होते, ग्रामसेवकाला धारेवर धरले होते. मुलीची आई दाराआड उभी होती. तिला मी काहीच विचारले नव्हते. आपली कोणती मुलगी गेली आणि कोणती राहिली, हे तिच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

असो. ज्या बंगालात तो खटला चालला, त्याच्याच पूर्व भागाकडे, म्हणजे आजच्या बांगलादेशाकडे मी आपणास नेऊ इच्छितो. परकीय साहाय्य, मुलींचे शिक्षण आणि जन्मनोंदणी या तिन्ही गोष्टींची गाठ तेथे पडलेली आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने तो देश आपला सख्खा भाऊच आहे. हरविलास सारडा यांच्या प्रयत्नाने १९२९ साली झालेला बालविवाह-प्रतिबंधक कायदा दोघांचा सामाईक वारसा. आपण तो २००६ च्या कायद्याने बदलला. त्यांच्याकडे तो २०१७ पर्यंत चालू होता. मुलीच्या लग्नाचे वय ठरविणे ही पाश्चात्त्यांनी पैसे देऊन शिकविलेली गोष्ट आहे असे अधूनमधून ऐकू येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. सारडा अजमेरचे होते.

बांगलादेशात १९८२ साली चांदपूरकडील शाहरास्ती या उपजिल्ह्यात एका स्थानिक संस्थेने एक छोटा प्रयोग आरंभिला. पैसा अमेरिकेचा होता, एशिया फाउंडेशनच्या मार्फत आलेला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींना विद्यावेतन द्यावयाचे, एवढाच तो प्रयोग. १९९४ मध्ये सरकारने तो देशभर, सर्व ग्रामीण भागांत लागू केला; त्यास जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि नॉर्वे यांनी साहाय्य केले. अटी तीन होत्या. मुलीची हजेरी शेकडा ७५ हवी, परीक्षेत शेकडा ४५ गुण हवेत, आणि मुलगी अविवाहित हवी. रक्कम पाहिली तर हसू येईल. सहावीतील मुलीस महिना २५ टाका, दहावीतीलीस ६० टाका. परंतु ती मुलीच्या स्वतःच्या नावे बँकेत जमा होई. ज्या मुलीचे नाव तोवर बापाच्या शिधापत्रिकेपलीकडे कोठे लिहिले गेले नसेल, तिच्या नावाचे पासबुक घरात आले, ही गोष्ट मला त्या ६० टाक्यांहून मोठी वाटते. माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या १९९१ मध्ये ११ लाख होती, ती २००५ मध्ये ३९ लाखांवर गेली. परकीय पैशाने केलेल्या कामांत इतके डोळ्यांत भरणारे यश फार थोड्या ठिकाणी मिळालेले आहे.

मग बालविवाह थांबले का? नाही. २०१९ च्या पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून किंचित् अधिक स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. याची कारणे अनेक आहेत. दारिद्र्य आहे, हुंडा आहे, पूर आला की घर जाते आणि मुलीची काळजी वाटते हेही आहे. पण त्यांत एक कारण असेही आहे की ज्याकडे विद्यावेतनाची योजना आखणाऱ्यांचे लक्ष पुरेसे गेले नसावे. मुलीने अविवाहित राहावे ही अट घातली, पण तिचे वय सांगणारा जन्माचा कागदच देशात नव्हता. जन्मनोंदणीचा कायदा होता तो १८७३ चा, ब्रिटिशांनी केलेला, आणि तोही नावापुरता. २००६ मध्ये पाच वर्षांखालील मुलांपैकी शंभरांत दहांचीच नोंद झालेली होती.

येथे दुसरे साहाय्य आले, आणि ते पहिल्याइतके लोकांच्या नजरेत भरले नाही. विद्यावेतनाच्या समारंभात मुलींच्या रांगा उभ्या करता येतात, पाहुण्याच्या हस्ते पासबुके देता येतात. नोंदवहीचे उद्घाटन करता येत नाही. तरीसुद्धा युनिसेफने हे काम धरून ठेवले. २००४ मध्ये नवा कायदा झाला, २००६ च्या जुलैपासून तो अमलात आला. जन्मापासून ४५ दिवसांच्या आत नोंद व्हावी. शाळाप्रवेश, पारपत्र, मतदारयादी, जमिनीची नोंद आणि विवाहाची नोंद यांसाठी जन्मदाखला लागावा, असे त्यात ठरले. लस टोचणारे आरोग्यसेवक नोंदणीच्या कामास जोडले गेले. पुढे कागदी वह्यांवरून माहिती संगणकावर चढविण्यात आली आणि प्रत्येकास सतरा आकडी क्रमांक मिळू लागला. यंत्रे, प्रशिक्षण, जुन्या नोंदींचा डोंगर उपसणे, यांतील बराच भार साहाय्याने उचलला. नोंदीचे प्रमाण २०१२-१३ मध्ये शेकडा ३७ वर आणि २०१९ मध्ये ५६ वर आले.

हे आकडे चांगले आहेत, पण त्यांच्या आत शिरून पाहावे लागते. ५६ म्हणजे पाच वर्षांखालील पुष्कळशी मुले अजूनही राहिलीच. त्यांतील बरीचशी पुढे शाळाप्रवेशाच्या वेळी दाखला काढतात, कारण शाळा तो मागते. म्हणजे दाखला जन्माचा, पण नोंद सहाव्या वर्षीची, आणि तारीख बापाने आठवून सांगितलेली. आमचे गुरुजी कान धरावयास सांगत. तेथे तेच काम संगणकापुढे बसून होते, इतकाच काय तो फरक. उशिरा केलेल्या नोंदीला यंत्राने सतरा आकडी क्रमांक दिला म्हणून ती वेळेवर झालेली ठरत नाही.

याहून अवघड दुखणे पुढे निघाले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१५ मध्ये बांगलादेशातील बालविवाहांवर अहवाल प्रसिद्ध केला. स्थानिक अधिकारी शंभर टाक्यांइतक्या अल्प लाचेवर मुलीचे वय अठराच्या वर दाखविणारा खोटा दाखला देतात, असे त्यात नमूद आहे. तो अहवाल वाचून काहींनी कपाळाला हात लावला. परदेशचा पैसा खर्चून उभारलेली व्यवस्था आता बालविवाह कायदेशीर करून देण्याच्या कामी येते की काय, असे त्यांस वाटले. माझे मत थोडे निराळे आहे. सरकारी नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. ज्या कागदाला किंमत नाही, त्याची बनावट कोणी करीत नाही. १९९० च्या सुमारास बंगालातील खेड्यात मुलीचे वय खोटे लिहून घेण्यासाठी कोणी दमडीही मोजली नसती. तोंडाने सांगितले की काम भागत असे. शंभर टाके मोजावे लागू लागले याचा अर्थ, लग्न लावणाऱ्या काझीपुढे तो कागद आता मागितला जाऊ लागला आहे. लाच वाईटच, तिचे समर्थन मी करीत नाही. परंतु ती घेणाऱ्यास आळा घालणे हे काम कोणत्याही परराष्ट्राच्या अनुदानातून होणारे नव्हे. ते ज्याच्या त्याच्या सरकारनेच करावयाचे.

२०१७ च्या नव्या कायद्याने तेथे वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला, परीक्षेचे प्रमाणपत्र, पारपत्र, असे कागद निश्चित केले. त्याच कायद्यात मात्र एक खिडकीही उघडी राहिली. 'विशेष परिस्थितीत' न्यायालयाच्या आणि पालकांच्या संमतीने, अज्ञान मुलीच्या हितासाठी म्हणून, अठराच्या आत लग्न होऊ शकेल. आणि त्यासाठी किमान वय कोणतेच सांगितलेले नाही. इतक्या कष्टाने वयाचा कागद तयार करावयाचा आणि मग वयच विचारावयाचे नाही, ही तरतूद मला समजू शकलेली नाही.

आता साहाय्य देणाऱ्यांकडे वळतो. परकीय साहाय्याच्या प्रत्येक करारपत्रात एक रकाना असतो, प्रकल्पाचा कालावधी. तीन वर्षे, पाच वर्षे, फार तर सात. शाळेची इमारत बांधावयाची असेल तर हा रकाना योग्यच आहे, इमारत केव्हातरी पुरी होते. जन्मनोंदणी पुरी होत नाही. प्रकल्प ज्या दिवशी संपतो, त्याच्या दुसऱ्या दिवशीही मुले जन्मास येतात. त्या दिवशी वही उघडणाऱ्या माणसाचा पगार कोठून येतो, हे मी अशा प्रत्येक कागदात प्रथम शोधीत असे. तो देशाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पातून येत असेल तर बाकीच्या त्रुटींकडे मी काणाडोळा करी. तो अनुदानातून येत असेल तर कागदावरची चित्रे कितीही हसरी असोत, मन साशंक होई.

ही शंका अनाठायी नव्हती, हे २०२५ साली कळून आले. अमेरिकेने आपली परराष्ट्र-साहाय्याची संस्था, यूएसएड, गुंडाळली. १ जुलै २०२५ पासून तिचे काम थांबले. ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ०.७ वरून २०२१ मध्ये ०.५ वर आणलेले साहाय्य २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचे जाहीर केले. या कपातींत एक गोष्ट अशी गेली की तिची वार्ता थोड्याच लोकांनी वाचली असेल. १९८४ पासून अमेरिकेच्या पैशावर सुमारे ९० देशांत लोकसंख्या आणि आरोग्य यांच्या पाहण्या होत असत. ज्या देशांत जन्माची नोंदच नाही, तेथे किती मुलींचे लग्न कोणत्या वयात झाले, किती बालकांना दाखला मिळाला, हे कळण्याचा तो एक मोठा आधार. इथिओपियात शंभरांत फक्त तीनच बालकांची नोंद आहे, हे जगाला कळले ते २०१६ च्या अशाच पाहणीतून. तो कार्यक्रम २०२५ च्या फेब्रुवारीत बंद करण्यात आला. आपल्याकडील पहिली कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ मध्ये झाली, तीही अमेरिकेच्याच साहाय्याने. पुढे मात्र आपण खर्चाचा भार स्वतःवर घेत गेलो. त्या वेळी याचे महत्त्व माझ्यासारख्यालाही फारसे वाटले नव्हते.

म्हणून साहाय्य घेऊच नये, असे मी म्हणत नाही. शाहरास्तीचा तो प्रयोग परक्याच्या पैशावाचून झाला नसता, आणि १८७३ च्या कायद्याची धूळ झटकण्याचे धैर्यही कदाचित् आले नसते. जे एकदाच करावयाचे असते, त्यासाठी परक्याचा पैसा अवश्य घ्यावा. रोज करावयाच्या कामासाठी तो घेणे म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीवर आपला संसार मांडणे होय.

आपल्याकडे १९६९ च्या नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांना शाळाप्रवेशापासून विवाहनोंदणीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा राहील. १ जूनच्या पिढीची अखेर यातून होईल, आणि ३१ मेची हारांची विक्री काही वर्षांनी मंदावेल. नावाचा रकाना कोरा ठेवण्याची सवय जाईल की नाही, हे गावोगावच्या नोंदणी करणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. नावाविना केलेली नोंद चालते, नाव मागाहून भरता येते. आणि मागाहून भरावयास कोणी येत नाही.

बांगलादेशात २०२१ मध्ये अशी अट घालण्यात आली होती की, नव्या पिढीतील मुलाचा दाखला हवा असेल तर आईबापांचेही जन्मदाखले आणावेत. हेतू शुद्ध होता. खोट्या नोंदींना आळा बसावा. पण ज्या आईची स्वतःची नोंद कधी झालीच नव्हती, तिने कागद कोठून आणावा? दीड-एक वर्षात, २०२२ मध्ये ती अट मागे घ्यावी लागली. सहा आठवड्यांच्या बालकाला पहिली त्रिगुणी-पंचगुणी लस देण्याची वेळ आणि कायद्याने घातलेली ४५ दिवसांची मुदत यांत तेथे तीनच दिवसांचे अंतर आहे. लसीच्या दिवशी मुलाला कडेवर घेऊन येते ती बहुधा आईच. आरोग्यसेविका तिला बाळाचे नाव विचारते, जन्माचा वार विचारते, आणि आई ते सांगते.